दोन्ही ट्यूब बंद: उघडायच्या, काढायच्या, की थेट आयव्हीएफ?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३२, तीन वर्षांपासून मूल हवं आहे, अजून एकदाही दिवस गेलेले नाहीत. पाळी नियमित, एएमएच (अंडाशयातला बीजांडांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) २.१, पतीची वीर्यतपासणी चांगली. एचएसजीत, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत, उजवी ट्यूब (गर्भनलिका) गर्भाशयाच्या कोपऱ्याशीच अडलेली दिसते. डावी पार टोकाशी बंद होऊन फुगली आहे आणि तिच्यात पाणी साठलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बिणीने दोन्ही उघडून घ्या. दुसऱ्या म्हणाल्या, शस्त्रक्रियेत वेळ घालवू नका, थेट आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन करून गर्भ गर्भाशयात सोडणं) करा. तिसऱ्यांचा सल्ला, डावी ट्यूब काढूनच टाका आणि मग आयव्हीएफ करा. ताईंनी शेवटी विचारलंय, "तिघंही अनुभवी, मग तीन उत्तरं कशी? आणि ट्यूब काढली की नैसर्गिकरीत्या मूल होण्याचा रस्ता कायमचा बंद नाही का होणार?"

ताई, मी गेली बावीस वर्षं वंध्यत्वावर उपचार करते आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाही करते आणि आयव्हीएफही, त्यामुळे दोन्हीपैकी एकाची बाजू घेण्याचं मला कारण नाही. तुमचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा खाली जे लिहिते आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून.

पहिली गोष्ट ही की तिघं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीयेत. "दोन्ही ट्यूब बंद" ही रिपोर्टवरची एक ओळ आहे, पण तुमच्या दोन ट्यूबना दोन वेगळे आजार असण्याची शक्यता आहे. उजवीचा अडथळा सुरुवातीला आहे, डावीचा शेवटाला. या दोन प्रकारांत कारणं वेगळी, उपाय वेगळे आणि यशाचे आकडेही वेगळे. शिवाय "शस्त्रक्रिया" हा शब्द तिघांनी वापरला तरी त्यातून किमान तीन निरनिराळ्या गोष्टी निघतात: बारीक तार घालून सुरुवातीचा अडथळा मोकळा करणं, टोकाचं बंद झालेलं तोंड उघडणं, आणि आयव्हीएफला अडचण होऊ नये म्हणून खराब ट्यूब काढणं. शेवटची शस्त्रक्रिया आयव्हीएफच्या विरोधात नाही, ती आयव्हीएफसाठीच केली जाते. म्हणून "शस्त्रक्रिया की आयव्हीएफ" असा सामना लावला की गोंधळ होतो. मी तो प्रश्न असा मांडते: यातली कुठली ट्यूब अजून काम करू शकेल, आणि ते पाहायला तुमच्याकडे किती वेळ आहे?

"काम करू शकेल" यावर जरा थांबते, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. बंद ट्यूब म्हटलं की तुंबलेला नळ डोळ्यापुढे येतो. तुंबलेलं काढलं की पाणी वाहायला लागणार. गर्भनलिका अशी नसते. ती साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते, आणि गर्भाशयाच्या भिंतीतून जाते तिथे तिची पोकळी एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. बाहेरच्या टोकाला झालरीसारखे मऊ पदर असतात; बीजांड फुटून बाहेर आलं की हे पदर ते उचलून आत घेतात. आतलं अस्तर घड्याघड्यांचं असतं आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारी केसाळ लव सतत हलत असते. शुक्राणू आणि बीजांड यांची भेट ट्यूबच्या रुंद भागात होते. तयार झालेला गर्भ तिथेच तीन-चार दिवस वाढतो आणि त्याच लवेच्या मदतीने हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो. जंतुसंसर्गाने ही लव आणि घड्या जळून गेल्या असतील, तर कितीही सफाईने तोंड उघडलं तरी ट्यूब म्हणजे रिकामी नळी राहते. वाईट म्हणजे अशा ट्यूबमध्ये शुक्राणू पोचतात, गर्भ तयार होतो आणि वाटेतच अडकतो. उघडी पण निकामी ट्यूब बंद ट्यूबपेक्षा धोक्याची असू शकते, ती यामुळे.

आता तुमची उजवी ट्यूब. एचएसजीत कोपऱ्याशी दिसलेल्या अडथळ्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. तपासणीत गर्भाशयात दाबाने औषध सोडतात. दुखलं, भीती वाटली की गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि ट्यूबचं तोंड तेवढ्यापुरतं मिटतं. कधी तिथे नुसता घट्ट चिकट स्राव साठलेला असतो. दोन्ही वेळा फोटोत "बंद" असंच दिसतं. असा अडथळा दिसलेल्या स्त्रियांची महिन्याभराने पुन्हा एचएसजी केली, तेव्हा सुमारे ६० टक्के वेळा ट्यूब उघडी सापडली असं एका अभ्यासात दिसलं होतं. यासाठी एचएसजीला दोष देऊ नका. चाळणी म्हणून ती चांगली तपासणी आहे. फक्त तिच्या एका फोटोवर ट्यूबचा निकाल लावू नये.

माझ्याकडे एक जोडपं आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू करायच्या बेतानेच आलं होतं. रिपोर्ट होता दोन्ही बाजूंना कोपऱ्याशी अडथळा. तपासणीच्या वेळी काय झालं ते मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इतकं दुखलं की मी टेबलावरून उठायला निघाले होते. दुसऱ्या कारणासाठी दुर्बीण करायचीच होती, तेव्हा भुलेखाली गर्भाशयातून निळं औषध सोडून ते ट्यूबमधून बाहेर येतं का पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते वाहिलं. पाचव्या महिन्यात त्यांना आपोआप दिवस राहिले. प्रत्येकीचं असं होत नाही, पण ही शक्यता न तपासता आयव्हीएफकडे जाणं मला पटत नाही.

खरोखर अडथळा असेल तर गर्भाशयात दुर्बीण घालून किंवा एक्स-रेखाली बारीक नळी त्या तोंडाशी नेतात आणि मऊ तार आत सरकवतात. जवळपास ८५ टक्के ट्यूब अशा मोकळ्या होतात, मात्र त्यातल्या साधारण एक तृतीयांश पुढच्या काही महिन्यांत पुन्हा मिटतात. इथे सर्जनचा हात हलका असायला हवा. तार सहज गेली तर अडथळा साध्या स्रावाचा होता. हलक्या दाबाने जात नसेल तर तिथे गाठीगाठींचा किंवा व्रणाचा आजार असतो, आणि मग जोर करायचा नाही, थांबायचं. जोर केला तर ट्यूबला भोक पडतं. ते बहुधा आपोआप भरतं, पण ती ट्यूब नंतर भरवशाची राहत नाही. पूर्वी असा भाग कापून दोन टोकं सूक्ष्मदर्शकाखाली जोडत असत. आज तिथे मी सरळ आयव्हीएफ सुचवते.

डावी ट्यूब हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. टोकाशी बंद होऊन पाणी भरलेल्या ट्यूबला हायड्रोसॅल्पिंक्स म्हणतात. कारण बहुतेक वेळा जुना संसर्ग असतो. क्लॅमिडिया नावाचा जंतू अनेकदा काहीच त्रास न देता ट्यूबचं नुकसान करून जातो, म्हणून "मला तर कधी काही झालंच नव्हतं" असं सांगणाऱ्या बायका खरंच सांगत असतात. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात ओटीपोटातल्या संसर्गाच्या एका झटक्यानंतर सुमारे ८ टक्के, दोन झटक्यांनंतर जवळपास २० टक्के आणि तीन किंवा अधिक झटक्यांनंतर ४० टक्के स्त्रियांमध्ये ट्यूबमुळे वंध्यत्व आलेलं दिसलं. फुटलेलं अपेंडिक्स, पोटातली आधीची शस्त्रक्रिया, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) हीही कारणं असतात. क्षयाचा उल्लेख वेगळा करते. जननेंद्रियांच्या क्षयाने ट्यूब खराब झाल्या असतील तर त्या उघडण्याच्या भानगडीत पडू नये. आधी क्षयाचा पूर्ण उपचार, मग गर्भाशयाचं अस्तर शाबूत आहे का ते पाहून आयव्हीएफ. म्हणून दुर्बिणीच्या वेळी अस्तराचा नमुना क्षयासाठी तपासायला पाठवा, असं आधीच सांगून ठेवा.

हायड्रोसॅल्पिंक्समधलं पाणी एका जागी राहत नाही. ते उलटं गर्भाशयात झिरपतं. तिथे रुजू पाहणाऱ्या गर्भाला त्याचा त्रास होतो, कधी तो धुऊनही निघतो. त्यामुळे असं पाणी असताना केलेल्या आयव्हीएफमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि राहिलेला गर्भ पडण्याचं प्रमाण वाढतं. स्कँडिनेव्हियात अनेक केंद्रांनी मिळून केलेली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी या बाबतीत महत्त्वाची मानतात. आयव्हीएफपूर्वी ट्यूब काढलेल्या गटात पहिल्या प्रयत्नात बाळ होण्याचं प्रमाण सुमारे २९ टक्के होतं, न काढलेल्या गटात १६ टक्के. सोनोग्राफीत दिसण्याइतकी ट्यूब फुगलेली होती त्यांच्यात हा फरक आणखी मोठा निघाला. तेव्हा तुम्हाला "थेट आयव्हीएफ करा" म्हणणाऱ्या डॉक्टरांना माझा एकच प्रश्न असेल: ही डावी ट्यूब सोनोग्राफीत दिसते आहे का? दिसत असेल तर तिची व्यवस्था लावल्याशिवाय गर्भ आत सोडणं मी योग्य मानत नाही.

मग ती उघडायची की काढायची? इथे सगळं ट्यूबच्या आतल्या स्थितीवर अवलंबून आहे, आणि ती स्थिती दुर्बीण आत गेल्याशिवाय नीट कळत नाही. ट्यूब तीन सेंटीमीटरपेक्षा कमी फुगलेली, भिंत पातळ आणि लवचीक, आजूबाजूला थोडंसंच आणि पापुद्र्यासारखं चिकटलेलं, आतल्या घड्या टवटवीत असतील, तर ती उघडायला अर्थ असतो. निवडक, कमी खराब झालेल्या ट्यूब उघडल्यावर निम्म्याहून अधिक स्त्रियांना गर्भाशयात गर्भ राहिल्याचे अहवाल आहेत. भिंत जाड आणि कडक, घड्या नाहीशा, सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं असेल, तर हे प्रमाण फार खाली येतं आणि ट्यूबमध्येच गर्भ राहण्याचा धोका वर जातो. चांगल्या-वाईट सगळ्या ट्यूब एकत्र धरून अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली, तर उघडल्यानंतर आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण साधारण २७ टक्के आणि ट्यूबमधल्या गर्भाचं १० टक्के निघतं. हे २७ टक्के दोन-दोन वर्षांच्या प्रयत्नांतले आहेत, एका महिन्यातले नाहीत.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. सुरुवातीच्या वर्षांत उघडता येईल ती प्रत्येक ट्यूब मी उघडत असे. शस्त्रक्रियेच्या शेवटी निळं औषध टोकातून वाहताना दिसलं की आपलं काम झालं असं वाटायचं. अशाच एका पस्तिशीच्या बाईंची जाड भिंतीची ट्यूब मी उघडली होती. दीड वर्ष त्यांनी वाट पाहिली. मग दिवस राहिले, पण ट्यूबमध्ये. ती फुटली आणि त्यांना रात्री आणलं तेव्हा पोटात रक्त साठलं होतं. जीव वाचला, ट्यूब गेली. सावरून आयव्हीएफला आल्या तोवर त्या अडतीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि बीजांडं कमी मिळाली. शस्त्रक्रिया चुकली नव्हती, निवड चुकली होती, आणि ती निवड माझी होती. तेव्हापासून ट्यूब उघडण्याआधी मी तिच्या आतल्या घड्या पाहते, आणि त्या दिसल्या नाहीत तर थांबते.

आता तुमची भीती, की काढली म्हणजे रस्ता कायमचा बंद. उलट तुमच्या बाबतीत डावी काढल्याने रस्ता उघडण्याची शक्यता आहे, आणि हे मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगावंसं वाटत होतं. समजा दुर्बिणीत उजवी ट्यूब उघडी निघाली. मग आजवर तुम्हाला दिवस का राहिले नसतील? डाव्या ट्यूबमधलं पाणी गर्भाशयात येऊन उजवीकडून आलेल्या गर्भालाही रुजू देत नसेल, हे त्याचं एक कारण असू शकतं. एका बाजूला हायड्रोसॅल्पिंक्स आणि दुसरी ट्यूब उघडी अशा २५ स्त्रियांचा एक लहान अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खराब ट्यूब काढल्यावर किंवा गर्भाशयाशी बंद केल्यावर त्यांतल्या २२ जणींना आयव्हीएफशिवाय दिवस राहिले. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून या आकड्यावर मी वचन देत नाही. पण माझ्या रुग्णांतही असं झालेलं मी पाहिलंय.

ट्यूब काढल्याने पाळी बदलत नाही, संप्रेरकं बदलत नाहीत, वजन वाढत नाही, संबंधांत फरक पडत नाही. बीजांड तयार करणं हे अंडाशयाचं काम आहे, ट्यूबचं नाही. एक काळजी रास्त आहे: अंडाशयाला जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा काही भाग ट्यूबच्या खालच्या पडद्यातून जातो. म्हणून ट्यूब काढताना तिला अगदी लगटून कापावं लागतं, दूरवर जाळत जायचं नाही. तसं केलं तर अंडाशयाच्या साठ्यावर सहसा लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. आतडं, ट्यूब, अंडाशय सगळं एकमेकांत गुरफटलेलं असेल तर काढण्याचा हट्ट न धरता गर्भाशयाजवळ ट्यूबला क्लिप लावून ती बंद करता येते. पाणी ट्यूबमध्ये राहतं, गर्भाशयात येत नाही. आपल्याला तेवढंच हवं असतं.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. सगळ्यात जड पारडं वयाचं. सदतीस-अडतीसच्या पुढच्या स्त्रीला ट्यूब उघडून दीड वर्ष वाट पाहा असं मी सांगत नाही, ट्यूब कितीही चांगली असली तरी. त्या दीड वर्षात बीजांडांचा दर्जा जितका घसरतो तितकं शस्त्रक्रियेने मिळत नाही. एएमएच खूप कमी असेल तर तरुण वयातही माझा क्रम बदलतो. आधी आयव्हीएफ करून गर्भ गोठवून ठेवायचे, मग ट्यूबची शस्त्रक्रिया, मग गर्भ सोडायचा. पतीच्या शुक्राणूंची संख्या फार कमी असेल तर ट्यूब उघडण्याला अर्थच उरत नाही, कारण आयव्हीएफ तसंही लागणार. दोन्ही टोकांना बंद असलेली ट्यूब, आधी उघडून पुन्हा मिटलेली ट्यूब, यांवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया मी करत नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेने बंद केलेल्या ट्यूब जोडणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे ट्यूब निरोगी असते, मधला तुकडाच गेलेला असतो. वय कमी असेल आणि जोडल्यावर चार सेंटीमीटरहून अधिक लांबी उरत असेल तर निकाल फार चांगले येतात. तुमचा प्रश्न तो नाही, पण तशा कुणा मैत्रिणीचं उदाहरण ऐकून तुम्ही आशा बांधू नये म्हणून लिहिलं.

मुलं किती हवी आहेत हाही विचार करा. शस्त्रक्रियेने ट्यूब खरंच चालू झाली तर दर महिन्याला प्रयत्न करता येतो आणि दुसऱ्या मुलासाठी पुन्हा उपचार लागत नाहीत. आयव्हीएफमध्ये प्रत्येक प्रयत्न वेगळा, त्याची इंजेक्शनं आणि खर्च वेगळा, पण निकाल काही आठवड्यांत कळतो. एका चांगल्या प्रयत्नातून जादा गर्भ गोठवता आले तर तेच दुसऱ्या मुलाला कामी येतात.

आयव्हीएफबद्दल तुमच्या लिहिण्यात एक सूर जाणवला, की तो शेवटचा, हरल्यासारखा पर्याय आहे. तसं मानू नका. ही पद्धत मुळात बंद ट्यूबवर उपाय म्हणूनच जन्माला आली. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या ट्यूब बंद होत्या. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी अनेक वर्षं प्रयत्न केले तेव्हा ते जमलं, आणि एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांच्या हातून शरीराबाहेर फलन करून राहिलेला पहिला गर्भ १९७६ मधला. तो ट्यूबमध्ये रुजला होता आणि काढावा लागला. गर्भ गर्भाशयात सोडला तरी तो खराब ट्यूबमध्ये शिरू शकतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

प्रत्यक्षात आयव्हीएफ म्हणजे आठ ते चौदा दिवस इंजेक्शनं, मधे सोनोग्राफ्या, शेवटच्या इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी भुलेखाली बीजांडं काढणं, आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ आत सोडणं. पस्तिशीच्या आत चांगल्या केंद्रात एक गर्भ सोडल्यावर बाळ होण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश असते, चाळिशीनंतर ती झपाट्याने उतरते. म्हणजे तुमच्या वयातही पहिल्या वेळी होणार नाही ही शक्यता होण्यापेक्षा अधिक आहे, आणि दोन-तीन प्रयत्नांची तयारी ठेवूनच सुरुवात करावी. अंडाशयं जास्त सुजण्याचा त्रास आता औषधं बदलून पुष्कळ टाळता येतो. जुळं व्हावं म्हणून दोन गर्भ सोडा असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. जुळ्याचं बाळंतपण आईला आणि बाळांनाही जोखमीचं असतं.

आतापर्यंतचं तुमच्यापुरतं एकत्र करते. उजव्या ट्यूबचा अडथळा खरा आहे का ते ठरलेलं नाही. डाव्या ट्यूबमधलं पाणी दोन्ही वाटांना अडथळा आहे. वय ३२ आणि एएमएच २.१ म्हणजे क्रमाने जायला वेळ आहे, पण वर्षानुवर्षं घालवण्याइतका नाही.

तुम्ही माझ्याकडे असतात तर आधी पाळी संपल्यावर नीट सोनोग्राफी करून डावी ट्यूब दिसते का पाहिलं असतं. मग एकाच भुलेत पोटातून आणि गर्भाशयातून अशा दोन्ही दुर्बिणी. आणि त्याआधी एक बैठक, ज्यात आत काय सापडलं तर काय करायचं हे तुम्ही दोघांनी जागेपणी ठरवायचं आणि संमतीपत्रात लिहायचं. हे फार महत्त्वाचं आहे. भुलेतून उठल्यावर "ट्यूब काढली" हे अचानक ऐकलेल्या बायका मी पाहिल्यात. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असूनही ती जखम त्यांच्या मनात राहिली.

त्या बैठकीत मी तुम्हाला अशी वाट सुचवली असती. उजवी उघडी निघाली किंवा तारेने सहज मोकळी झाली, आणि डावी खराब असेल, तर डावी काढायची आणि सहा ते बारा महिने आपोआप प्रयत्न करायचे. तारेने मोकळी केली असेल तर सहाच, कारण ती पुन्हा मिटू शकते. उजवीत खरा आजार आणि डावीही खराब, तर डावी काढून किंवा क्लिप लावून महिन्या-दोन महिन्यांत आयव्हीएफ. डावी आश्चर्यकारकरीत्या चांगली निघाली, आत घड्या शाबूत, तर ती उघडायची, पण वर्षाची मुदत घालून. आणि पाणी पुन्हा भरतंय का ते मधे सोनोग्राफीत पाहत राहायचं, कारण उघडलेली तोंडं पुन्हा मिटतात. आणखी एक शक्यता, एचएसजीत फुगलेली दिसलेली ट्यूब आत पाहिल्यावर तेवढी वाईट नसण्याची. तेव्हा कुठलाही पर्याय आधीच पक्का करून आत जाऊ नका.

तुमच्या सर्जनना तीन गोष्टी मोकळेपणाने विचारा. तुम्ही ट्यूब काढता तशा उघडताही का, आणि वर्षात किती? आतल्या घड्या पाहून ठरवणार की बाहेरून? शस्त्रक्रियेचं चित्रीकरण मला मिळेल का? शेवटचं मागायला संकोच करू नका. पुढे कुठेही गेलात तरी ते चित्रीकरण शंभर ओळींच्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगतं.

आणि एक गोष्ट कुठल्याही वाटेने गेलात तरी लागू आहे, आयव्हीएफनंतरसुद्धा. तुमच्या ट्यूबना एकदा इजा झालेली आहे. पाळी चुकली आणि गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली की आनंदात आठ आठवडे थांबू नका. लगेच रक्तातली बीटा एचसीजी (दिवस राहिल्यावर वाढणारं संप्रेरक) तपासा, दोन दिवसांनी पुन्हा तपासून ती नीट वाढतेय ना पाहा, आणि साधारण सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीने गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री करा. त्याआधी एका बाजूला ओटीपोटात दुखलं, थोडं रक्त गेलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा आणि "ट्यूबचा आजार आहे, दिवस राहिलेत" हे पहिल्या वाक्यात सांगा. लवकर कळलेला ट्यूबमधला गर्भ अनेकदा इंजेक्शननेही विरघळवता येतो.

दुर्बीण झाल्यावर उजवीतून औषध वाहिलं का आणि डावीच्या आतल्या घड्या कशा दिसल्या, हे दोन तपशील कळवलेत तर मला यापेक्षा नेमकं सांगता येईल.